खिडकीचं टेबल आणि लाल गाडी

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. माझं चौदा वर्षं भरलं. कृत्रिम दात बनवणाऱ्या लॅबमध्ये मी कारागीर आहे. दंतवैद्य पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही प्लास्टरच्या साच्यावर मेणाचा दात कोरतो आणि मग त्यावरून पक्का दात तयार होतो. दाढा कुणीही कोराव्यात; दाढ दिसते कुणाला? समोरचे दात मात्र ज्याचा हात सगळ्यांत बारीक चालतो त्यालाच मिळतात, आणि तो उत्तरेच्या खिडकीखालच्या टेबलावर बसतो. चौदा वर्षं तिथे मी बसत होतो.

लॅब बाईंची. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. त्यांचा एक नियम आहे: समोरचे दात सकाळी नऊला, आल्या आल्या कोरायचे. तेव्हा खिडकीतला उजेड सारखा असतो आणि डोळा दमलेला नसतो. अकरा वाजले की समोरच्या दाताला कुणी हात लावायचा नाही, मग वैद्य फोनवर कितीही ओरडोत.

पाहुणा आमच्याकडे आला तो एका आजारी कारागिराच्या जागी, दोन आठवड्यांसाठी. तीन वर्षं झाली तरी गेला नाही, म्हणून पाहुणा. हे नाव मीच ठेवलं. सगळे हसले आणि तोही हसला. त्याचं ते हसणंसुद्धा मला आवडलं नाही.

गेल्या वर्षी त्याने मोटरसायकल घेतली. लाल, पुढे झुकलेली, शर्यतीत पळवायची असते तसली. पहिल्या दिवशी तो आवारात शिरला तेव्हा दाढांच्या टेबलांवरचे चौघंही खिडकीशी धावले, माझ्या खिडकीशी, माझ्या खांद्यावरून वाकून. बाईसुद्धा उठून आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, केवढी देखणी!" चौदा वर्षांत माझ्या एकाही दाताला बाई देखणा म्हणाल्या नव्हत्या. मी उगाच कशाला लपवू? माझा जळफळाट झाला. माझी जुनी गाडी भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्याकडे बघून मला पहिल्यांदाच लाज वाटली.

त्याच महिन्यात बाईंनी पाहुण्याला समोरचा एक दात दिला. पुढच्या महिन्यात तीन. झालं! गाडी आली आणि दात गेले, अशी माझ्या डोक्यात गाठ बसली ती बसलीच. त्यात तो रोज सव्वाआठलाच हजर. मी नऊला पोचायचो तेव्हा तो मोरीपाशी स्टुलावर बसून घमेल्यातल्या कोमट पाण्यात हात बुडवलेला असायचा, कधी बाईंशी गप्पा मारत, कधी एकटाच खिडकीकडे बघत. "हात धुवून माझ्या टेबलाच्या मागे लागलाय," मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "निदान धुतो तरी."

मग बाईंनी जाहीर केलं. एक गायिका पडली होती आणि तिचे समोरचे दोन दात तुटले होते. हिरड्या बऱ्या झाल्या की महिन्याभराने माप येणार. दोघांनीही ते दात कोरायचे, कुणाचे कोणते हे बाईंना कळू न देता फडक्याखाली ठेवायचे. ज्याचे निवडले जातील त्याचं खिडकीचं टेबल, कायमचं. "रोजची ओढाताण नको," बाई म्हणाल्या. ओढाताण त्यांना कुठे दिसली? मी तर तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

शहाण्या माणसाने महिनाभर सराव केला असता. मी रविवारी बायकोला घेऊन शोरूम गाठली.

तिथल्या विक्रेत्याने, टक्कल पडलेल्या सज्जन माणसाने, आधी विचारलं, "कशासाठी हवीय?"

"रोज कामावर जायला. एकोणीस किलोमीटर, अकरा सिग्नल."

त्याने मला एका करड्या गाडीपाशी नेलं. सरळ बसायचं, हँडल छातीशी, सीट लांबरुंद. "रोजचं असेल तर हीच. पाठ दुखणार नाही, गर्दीत हलकी." गाडी चांगली होती, हे मलाही कळत होतं. पण तिला बघायला कुणी खिडकीशी आलं नसतं.

"ती," मी लाल गाडीकडे बोट दाखवलं.

"ती मोकळ्या रस्त्यावरची. सिग्नलला सगळा भार मनगटांवर येतो. इंजिनही तापतं."

"माझ्या ओळखीचा एक जण रोज चालवतो."

बायकोने लाल गाडीभोवती एक फेरी मारली. तिचं कारखान्यातलं ऑफिस माझ्या वाटेवरच आहे. नऊ वर्षं मी तिला मागे बसवून तिथे सोडत होतो. मागच्या सीटवर तिने तळहात ठेवला. सीट तळहाताखाली झाकली गेली.

"माझी जागा कुठाय?"

"ही काय."

"ही? ह्याच्यावर पाव किलो साखर ठेवली तरी सांडेल."

"पाहुण्याकडेही हीच आहे."

"पाहुण्याला बायको नाहीये," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. मी सही केली. दुसऱ्या दिवसापासून ती बसने जायला लागली.

पहिल्या सकाळी मी आवारात शिरलो तेव्हा चौघं खिडकीशी आले खरे. त्यातला एक म्हणाला, "अरे, पाहुण्यासारखीच!" बस्स. बाई उठल्या नाहीत.

मी टेबलावर बसलो, कोरणी उचलली, आणि तिचं टोक थरथरताना दिसलं. एकोणीस किलोमीटर ओणवं होऊन, शरीराचा अर्धा भार मनगटांवर घेऊन, अकरा सिग्नलांना जड क्लच दाबून सोडून माझी बोटं माझी राहिली नव्हती. कोरणी मेणात जायला हवी तिथे न जाता बाजूला गेली. मी घाईने ती खाली ठेवली आणि हत्यारं लावण्याचं नाटक केलं. साडेदहाला थरथर कमी झाली आणि अकराला थांबली.

घमेल्याचा अर्थ मला तिसऱ्या दिवशी कळला. पाहुणा बाईंच्या पुढेपुढे करायला लवकर येत नव्हता, हात परत आणायला येत होता. मीही तसं करू शकलो असतो. सव्वाआठला यायचं, दुसरं स्टूल ओढायचं, त्याच पाण्यात हात घालायचे. पण म्हणजे आपण चुकलो हे सगळ्यांसमोर कबूल करायचं, तेही त्याच्या शेजारी बसून! त्यापेक्षा मी कोरणी घट्ट धरायला लागलो. घट्ट धरली की हात जास्तच थरथरतो, हे मीच नव्या कारागिरांना शिकवत आलोय.

माप यायला दहा दिवस राहिले असताना पाहुण्याची लाल गाडी आवारातून नाहीशी झाली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बिघडली असणार. घरी मी जेवताना शीळ घातली.

"पाहुणा बसमध्ये भेटतो हल्ली," बायको म्हणाली. "बोलका आहे रे. मला जागा देतो."

शीळ थांबली. "काय बोलता तुम्ही दोघं?"

"काहीबाही. आज म्हणाला, ताई, दादांना सांगा, दात होईपर्यंत गाडी घरी ठेवा. मीही ठेवलीय. हात कापतो म्हणाला."

"असं म्हणाला?"

"तुझा हात कापतोय हे त्याने बघितलंय."

मला त्या क्षणी जे वाटलं ते चांगलं नव्हतं. माझ्या गाडीबद्दल आणि माझ्या हाताबद्दल तो माणूस बसमध्ये बसून माझ्याच बायकोशी बोलत होता. "डाव आहे त्याचा," मी म्हणालो. "मी बसने जायला लागलो की लॅबभर सांगेल, दादांना गाडी झेपली नाही."

"आणि खरंच कापत असेल तर?"

"तू त्याची बाजू घेऊ नकोस."

ती उठली आणि ताटं उचलून आत गेली. मी दुसऱ्या दिवशी गाडीच काढली, तिसऱ्या दिवशीही काढली, आणि माप आलं त्या सोमवारीही. त्या दिवशी सातव्या सिग्नलला शेजारी बस येऊन थांबली. काचेतून बायको दिसली. तिच्या शेजारी पाहुणा, हात मांडीवर, बोटं सैल सोडलेली. ती कशावर तरी हसत होती. मी क्लच इतका आवळला की कोपरापर्यंत कळ गेली.

नऊला बाईंनी गायिकेचा जुना फोटो मधे ठेवला. दोन दातांमध्ये केसाएवढी फट होती आणि डावा दात उजव्याकडे किंचित कललेला. "ती फट तशीच हवी," बाई म्हणाल्या. "तिचं गाणं त्या फटीतून येतं, असं ती म्हणते."

अशी फट मी डोळे मिटून कोरली असती. त्या दिवशी उघड्या डोळ्यांनीही जमेना. कोरणी निसटली, फट रुंद झाली. मेण भरलं, पुन्हा कोरलं, पुन्हा भरलं. शेवटी चूक दिसू नये म्हणून दोन्ही दात घासून घासून गुळगुळीत केले, सरळ केले, एकसारखे केले. पलीकडे पाहुणा सावकाश कोरत होता. त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्याचाही मला राग आला.

अकराला बाईंनी फडकं काढलं. चष्मा कपाळावर चढवला, एक साचा उचलून डोळ्यांजवळ नेला. "हा पाहुण्याचा हात." मग दुसरा उचलला. उजेडात फिरवला, पुन्हा फिरवला. चौदा वर्षं माझा प्रत्येक दात त्यांच्या हाताखालून गेला होता.

"आणि हा कुणाचा?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "दोघांनीच कोरले ना? असे दात शोकेसमध्ये शोभतात, तोंडात नाहीत."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे, आणि चष्मा खाली घेतला. "अरे, तू?" एवढंच म्हणाल्या.

मी माझी हत्यारं गोळा करून आतल्या दाढांच्या टेबलावर नेली. थोड्या वेळाने पाहुणा आला. त्याने खिडकीपाशी बसून बघितलं होतं, पण खुर्ची माझ्या मापाने वर चढवलेली होती आणि तिचा पेच गंजलेला. तो फक्त मलाच फिरवता येतो.

"दादा," तो चाचरत म्हणाला, "खुर्ची जरा खाली करून द्याल?"

त्याच्या चेहऱ्यावर विजयबिजय काही नव्हतं. असता तर बरं झालं असतं. मी गुडघ्यावर बसलो, खुर्चीखाली हात घातला आणि पेच फिरवला. एकाच झटक्यात फिरला. माझी बोटं अजिबात थरथरत नव्हती. भिंतीवर सव्वाअकरा झाले होते.