घोळीचं सॅलड

निवृत्तीनंतर मुख्याध्यापकांना शिकवायला वर्ग उरला नाही, म्हणून त्यांनी अख्खी इमारत शिकवायला घेतली. मोबाइलवर त्यांना घोळ सापडली. कुंपणाकडेला, फरशीच्या फटीत उगवणारी, लोक तण म्हणून उपटून फेकतात तीच. ओमेगा-थ्री काय, जीवनसत्त्वं काय! डाळीत घाला, सूपमध्ये घाला, नाहीतर कच्ची खा. आठवडाभरात शेजाऱ्यांचे कान किटले. रविवारी गच्चीवर सगळ्यांना सॅलड खाऊ घालायचं ठरलं.

त्यांची बायको वीस वर्षं रोपवाटिकेत खुरपं चालवत होती. घोळ तिने टोपल्यांनी उपटली होती, अधूनमधून घरी आणून शिजवलीही होती. तेव्हा सर नाक मुरडायचे, "हे काय गवत वाढतेस?"

रविवारी ती कामावरून थेट गच्चीवर आली, तर पंधरा वाट्या भरून तयार आणि सर भाषणात रंगलेले. उरलेल्या जुडीतली एक काडी तिने सहज मोडली. बोटावर पांढरा चीक आला. घोळीसारखंच जमिनीलगत पसरणारं हे दुसरंच तण होतं. त्याचा चीक लागला की तिचे हात दोन दिवस चुरचुरायचे.

नवऱ्याची चूक चारचौघांत काढायची नाही, हा त्यांच्या घरचा नियम होता. सरांनीच केलेला, हे काय सांगायला हवं? तिची चूक मात्र कुठेही काढलेली चालायची.

"अहो, ही घोळ नाही," ती म्हणालीच. "घोळीला चीक नसतो, पान जाड असतं. हे पोटात गेलं तर उलट्या होतील. कुणी खाऊ नका."

सर हसले. ढ पोराला फळ्यापाशी उभं करून हसायचे, तसेच. "खुरपणं वेगळं आणि अभ्यास वेगळा. हा दुर्मीळ प्रकार आहे."

"मग सर, तुम्हीच सुरुवात करा की," तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला.

सरांनी चमचा भरला. तोंडापर्यंत नेला आणि तिथेच थांबले. एकदा तिच्या बोटावरच्या चिकाकडे पाहिलं, एकदा शिंप्याकडे. मग चमचा खाली ठेवून वाटी बायकोपुढे सरकवली.

"आधी तू घे."

रागाने तिने पंधराच्या पंधरा वाट्या कचऱ्याच्या डब्यात उपड्या केल्या. बत्तीस वर्षांच्या संसारात सरांनी आज पहिल्यांदाच स्वतःच्या आधी तिला वाढलं होतं.