दर अकरा मिनिटांनी एक निरोप

रक्त तपासणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, लोखंडी मांडणीच्या सगळ्यात खालच्या फळीवर एक काळा चपटा डबा धूळ खात पडला आहे. मित्रांनो, तो मी. माझी वायर काढून दोन महिने झाले. भंगारवाला येईपर्यंत मला काही काम नाही. पण मनात एक गोष्ट सलते आहे, ती सांगून मोकळा होतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या झाकणाचे चार स्क्रू पिळले, मला उलटसुलट करून पाहिले आणि पास केले. माझे काम पहारेकऱ्याचे. इमारतीतल्या साठ संगणकांतून जे जे बाहेर जाई आणि बाहेरून आत येई, ते माझ्यासमोरून जाई. आतला मजकूर मला वाचता येत नसे. कोणाकडून निघाले, कुठे चालले, केवढे आहे आणि किती वाजता, एवढेच मला कळे. पण मोजण्यात मी कधी चुकलो नाही. त्याचा मला गर्व होता, खोटे कशाला बोलू?

इथल्या जाळ्याची देखभाल एक ताई करत. पहिल्याच वर्षी मी एक घुसखोर पकडून दिला, तेव्हा त्या सगळ्यांना सांगत सुटल्या, "आमचा ठोकळा कुंभकर्ण नाही बरं का." ठोकळा हे माझे लाडाचे नाव. मी फुगून गेलो.

पुढे डॉक्टरांना तातडीचे अहवाल मोबाइलवर हवे झाले. मग सगळेच जण ते नेहमीचे निरोपांचे अ‍ॅप संगणकावर वापरू लागले. त्या गर्दीने मी गोंधळलो आणि दिवसभर लाल दिवा लावू लागलो. ताई वैतागल्या. "या रस्त्यावर तू नुसतं मोज बाबा, ओरडू नकोस," असे म्हणून त्यांनी मला गप्प केले. चोराला गर्दीचाच रस्ता सोयीचा असतो, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

मोठ्या साहेबांना आकड्यांचे भारी वेड. कोण किती निरोप पाठवतो, याची यादी दर सोमवारी दारातल्या फळ्यावर लावा, असा त्यांनी हुकूम काढला. यादी माझ्या पोटातून निघे. तिच्यात फक्त नाव आणि रोजचा आकडा. वेळा माझ्याकडेच राहत, त्या कोणी मागितल्या नाहीत.

अहवाल टंकणारे एक काका होते. बावीस वर्षांची नोकरी. दोन बोटांनी टंकत, पण चूक शोधून सापडत नसे. त्यांची लेक लग्न होऊन लांब गेली होती. मोबाइलवरची बारीक अक्षरे दिसत नाहीत म्हणून ते जेवणाच्या सुट्टीत संगणकावरूनच तिला दोन-तीन निरोप पाठवत. 'जेवलीस का' आणि 'खोकला कसा आहे', एवढेच ते असायचे, असे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. संध्याकाळी ते आपला संगणक न विसरता बंद करत आणि त्यावर कापड घालत. बाकीच्यांचे संगणक रात्रंदिवस चालूच.

एके दिवशी काकांच्या संगणकावर नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने एक पत्र आले. सोबत अर्जाचा नवा नमुना होता. काकांनी तो उघडला, आणि त्यातून एक चोर, म्हणजे लपून काम करणारा प्रोग्राम, त्यांच्या संगणकात जाऊन बसला. त्याने काही मोडले नाही की फोडले नाही. दर अकरा मिनिटांनी त्याच अ‍ॅपवरून तो आपल्या मालकाला 'आता काय करू' असे विचारी, आणि जाता जाता चार रुग्णांची नावे नि आजार सोबत धाडून देई. वरून पाहणाऱ्याला तो साधा निरोपच दिसे. हे सगळे मला मागाहून ताईंच्या बोलण्यातून कळले.

सोमवारी यादीत काका पहिले. रोजचे सेहेचाळीस. साहेब त्यांना घेऊन माझ्याच खोलीत आले.

"काका, लेकीशी बोला, पण इतकं?"

"दोन-तीनच पाठवतो हो साहेब."

"मग हा ठोकळा खोटं बोलतो?"

काका आपल्या जागेवर परत गेले. त्या दिवसापासून त्यांनी लेकीला एक अक्षरही पाठवले नाही. पुढच्या सोमवारी आकडा आला त्रेचाळीस. लोक हसू लागले. काका तर दिवसभर कामच करताना दिसतात, म्हणजे टंकता टंकताच चोरून पाठवत असतील, असे कोणी म्हणाले. काका घरी गेले की निरोप थांबत, कारण ते संगणक बंद करून जात; रात्रभर चालू असता, तर तो आकडा माणसाचा वाटलाच नसता. त्यांची ती चांगली सवयच त्यांच्या अंगाशी आली.

चौथ्या सोमवारी साहेब म्हणाले, "थांबवलं म्हणता आणि आकडा तिथेच. या वयात खोटं बोलायचं?" ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. काकांनी चष्म्याचे घर उचलले, दोन ओळींचा राजीनामा दिला आणि ते निघून गेले. मित्रांनो, त्या वेळा माझ्या पोटात होत्या. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

छपाईचे यंत्र काकांच्याच संगणकाला जोडलेले होते. म्हणून काका गेल्यावरही झाडणाऱ्या मावशी रोज सकाळी तो संगणक चालू करत आणि संध्याकाळी बंद करत. पुढच्या सोमवारी यादीत काकांचेच नाव पहिले पाहून त्या फळ्यासमोर झाडू धरून थबकल्या.

"अहो ताई, काका तर आठवडाभर आलेच नाहीत. मग हे पाठवतंय कोण?"

ताई धावत माझ्याकडे आल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच वेळा उघडल्या. नऊ वाजून चार मिनिटे, नऊ पंधरा, नऊ सव्वीस. प्रत्येक निरोप तेवढ्याच आकाराचा. "माणूस असा बोलतो का कधी," त्या पुटपुटल्या. त्यांनी जाऊन काकांच्या संगणकाची वायर उपटली आणि परत येऊन माझ्यासमोर जमिनीवरच बसल्या. हजारो रुग्णांची नावे तोवर बाहेर गेली होती. त्या सगळ्यांना कळवावे लागले.

काकांना बोलावणे गेले. ते आले. साहेब म्हणाले, "चूक झाली आमची. उद्यापासून या."

"लेकीला महिनाभर काही कळवलं नाही, साहेब. तुम्हाला माझं खरं वाटावं म्हणून," काका म्हणाले. "तिला वाटलं, बाबा रुसले. रडून रडून ताप आला तिला." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "याचं काय, हा मला ओळखत नव्हता. तुम्ही ओळखत होतात." आणि ते गेले. पुन्हा आले नाहीत.

काका निर्दोष होते असे फळ्यावर लावू, म्हणून ताई साहेबांच्या किती मागे लागल्या. साहेब म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. आता कशाला उकरून काढायचं?" पुढे नवे यंत्र आले आणि मला खालच्या फळीवर ढकलण्यात आले. त्याचे मला दुःख नाही. माझे वयच झाले होते.

पण काल काकांच्या जागी आलेल्या बाई एका नव्या मुलीला खोली दाखवत होत्या. "इथे निरोप जपून पाठव गं," त्या म्हणाल्या. "आधीचे एक काका गप्पांपायी घरी गेले. वर खोटंही बोलले म्हणे."

मित्रांनो, माझ्यासारख्यांची धूळ पुसाच, पण आमच्या पोटातले पुरते वाचतही जा. आमचा आकडा कोणाकडे बोट दाखवत असेल, तर आधी त्या माणसाचे ऐका. तो म्हणतो ते खरे असेल तर काय, एवढे एकदा तपासून पाहा. आणि कधी या बाजूला आलात, तर त्या मुलीला सांगा, की काका खरे बोलत होते. मला ते सांगता येत नाही.