लंकाबाईची निगेटिव्ह

२०२२ च्या भाद्रपदात मल्हारी फोटोवाल्याने पोटच्या पोराशी बोलणं टाकलं, ते कायमचं.

नाशकातल्या जुन्या घरांत मल्हारीने काढलेला एक तरी फोटो भिंतीवर असायचाच. माणसाची भीड चेपेपर्यंत तो कॅमेऱ्याला हात लावत नसे. आणि प्रत्येक निगेटिव्ह कागदात गुंडाळून, वर नाव-गाव लिहून पेटीत ठेवायचा. गिऱ्हाईक घरी गेलं तरी चेहरा माझ्याकडे राहतो, असं म्हणायचा.

त्या पेट्या त्याच्या मुलाने, महेशने, भंगारात घातल्या. निगेटिव्हमधून चांदी काढणारा टेम्पो घेऊन दारात आला होता. मोकळ्या जागेत महेशने कॉम्प्युटर मांडला. बापाला विचारायची गरज त्याला वाटली नाही.

मग सायखेड्याहून गेणू आला. त्याची बायको लंकाबाई वारली होती. तिने जन्मात एकच फोटो काढला, तोही मल्हारीकडे. घरातली प्रत पुरात गेली. वर्षश्राद्धाला दुसरी हवी होती. मल्हारी हौसेने उठला, आणि आतल्या खोलीत पेट्यांच्या जागी त्याला कॉम्प्युटर दिसला.

महेशने गेणूला समजावलं, की लेक आईसारखीच दिसते ना, मग तिचा फोटो पाठवा. लेकीच्या, उज्वलाच्या, चेहऱ्यावर त्याने कॉम्प्युटरवर सुरकुत्या चढवल्या, केस पिकवले, फ्रेम केली आणि वर चंदनाचा हार घातला.

न्यायला आलेल्या गेणूने फ्रेम मांडीवर घेतली. बराच वेळ पाहून हार काढला.

"ही माझी उज्वला हाय," तो म्हणाला. "जित्या लेकीला हार घालतो व्हय रे?"

पाहुण्यांना काय कळतंय काका, होईल सवय, असं म्हणून महेश हसला. मल्हारीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"त्यांची बायको तू भंगारात विकलीस. आता लेकीला जिवंतपणी भिंतीवर टांगतोस?"

"अण्णा, पेट्यांना वाळवी लागली होती."

"वाळवीला निदान भूक असते," मल्हारी म्हणाला. स्टूल ओढून चढला आणि स्टुडिओवरची स्वतःच्या नावाची पाटी स्वतः उतरवली.

स्टुडिओ आता महेशच्या नावावर चालतो, आणि लग्नसराईत बरा चालतो. मल्हारी इंदिरानगरला मुलीकडे, स्नेहाकडे असतो. भावाचा फोन आला की ती गॅलरीत जाऊन बोलते. गेणूने वर्षश्राद्ध पाटावर नुसता नारळ ठेवून केलं. ती फ्रेम उज्वलाच्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी आहे. नदीत सोडावी, तर चेहरा जित्या माणसाचा.