शेजारचा ब्रेक

आमचे हे गाडी चालवायला शिकवायचे. गावभर त्यांना मास्तर म्हणतात, घरात मीही तेच म्हणते. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटसमोर मास्तरांसाठी दुसरा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने गोंधळ घातला की मास्तर तो दाबतात आणि सगळ्यांचा जीव वाचतो. त्यांनी काम सोडल्यावर तीच जुनी गाडी आमची घरची गाडी झाली. चालवायची मी, शेजारी बसायचे मास्तर. इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, हे मी येईल-जाईल त्याला ऐकवत असे.

मग मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना गाडीला हात लावायची साफ मनाई केली. त्यातच दिवस भरत आलेली लेक आमच्याकडे राहायला आली, आपली नवीकोरी गाडी घेऊन. जावई बोटीवर नोकरीला. म्हणजे वेळ आली की तिला दवाखान्यात न्यायचं ते मीच.

"त्यात काय एवढं!" म्हणत मी लेकीची गाडी ऐटीत बाहेर काढली. मास्तरांना घेऊन बाजारामागच्या रिकाम्या मैदानात गेले. पट्टा, आरसे, सगळं शिस्तीत. समोर कचऱ्याचा मोठा डबा होता. तो जवळ येत होता आणि मी निवांत होते, कारण गाडी नेहमी वेळेवर थांबते. शेजारी मास्तरांनी दाणकन पाय आपटला. खाली नुसती रबरी मॅट. मग कुठे माझा पाय हलला, तोवर डब्याने गाडीच्या नाकाचा मुका घेतला होता.

मी गाडी बंद केली. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"म्हणजे इतकी वर्षं गाडी तुम्ही थांबवत होतात?"

"दर वेळी नाही गं," मास्तर खिडकीबाहेर बघत पुटपुटले. "सवयीने पाय जातो. मलाही आत्ताच कळलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अख्ख्या गावाला तयार केलं आणि बायको तेवढी कच्ची ठेवली! पण रागाहून भीती मोठी होती. गाडीत कळा देणारी लेक आणि ब्रेक मारायला मी एकटी!

"उद्यापासून तुम्ही मागे बसायचं," मी बजावलं.

मागे बसूनही मास्तरांचा पाय काही ऐकेना. ब्रेकची वेळ आली की माझ्या सीटला पाठीमागून लाथ. सुरुवातीला आधी लाथ, मग माझा ब्रेक. पाठ नुसती शेकून निघाली. पण जे इतकी वर्षं पायाने उरकत होते, ते मास्तर आता तोंडाने सांगू लागले.

"पुढच्या गाडीच्याही पुढे बघ. कडेला गाडी उभी असली की तिच्या खालून बघ, पाय दिसतात का. पाय दिसले की माणूस येणारच."

हळूहळू लाथ आणि ब्रेक एकदमच पडू लागले.

"आई, तुम्ही गाडी चालवताय की भांडताय?" लेकीने एकदा विचारलं.

"दोन्ही," मी म्हटलं.

तपासणीच्या दिवशी लेक माझ्या शेजारी बसली. पट्टा पोटाच्या खालून घेतलाय ना, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मास्तर मागे. दवाखान्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला सामानाचा ट्रक उभा होता. त्याच्या खालून मला चपला दिसल्या, चालणाऱ्या. मी ब्रेक दाबला, आणि फोनमध्ये डोकं खुपसलेली एक बाई नेमकी ट्रकच्या पुढून रस्त्यात आली. गाडी तिच्यापासून चांगली लांब थांबली. बाईंनी मान वर करूनही पाहिलं नाही.

मी पाठ ताठ करून लाथेची वाट पाहिली. लाथ आलीच नाही.

"अहो, बघितलंत का?" म्हणत मी आरशात पाहिलं.

मास्तर झोपले होते. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना जन्मात ज्यांचा डोळा लागला नाही, ते तोंड उघडं टाकून चक्क घोरत होते.

"उठवू का बाबांना?" लेकीने विचारलं.

"नको गं, झोपू दे." मी दोन्ही आरसे पाहिले आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून अगदी अलगद गाडी पुढे घेतली.