फुटपाथवरची बारा मिनिटं

मित्रांनो, बर्फ उपसायचं जुनं फावडं मी. माझ्या पात्याची एक कड झिजली आहे, पण जोर अजून आहे. अमेरिकेतल्या बफेलो शहरात लिओनार्ड ऊर्फ लेनी प्रुस्कीच्या घरी मी पंचवीस हिवाळे राबलो. घरासमोरचा फुटपाथ आम्ही दोघं असा लख्ख ठेवायचो की शेजारी म्हणायचे, "प्रुस्कीच्या दारात डोळे मिटून चाला!" ते ऐकून माझी छाती फुगायची.

गेल्या जानेवारीत त्याचा मेव्हणा कॅसिमिर आला आणि घात झाला.

"येड्या, तू साफ केलेल्या फुटपाथवर कुणी आपटलं तर दावा तुझ्यावर. हातच लावला नाहीस तर तो देवाचा बर्फ!"

"कायद्यात आहे असं?"

"तर! बारमध्ये सगळे हेच सांगतात."

"लेनी, फुटपाथ घरमालकानंच साफ करायचा असा नगरपालिकेचा कागद आलाय," बायको डोलोरेस कडाडली. "आणि तू बारचं ऐकतोस?"

पण ऐकेल तर शपथ! दुसऱ्या दिवशी त्याने फक्त गाडीपुरती वाट काढली आणि तो सगळा बर्फ माझ्याच पात्याने फुटपाथवर लोटला. मी हबकलोच. अरे, हा आता देवाचा बर्फ कुठला? हा तर लेनीचा! मग त्याने मला ओसरीतल्या खिळ्याला टांगलं.

चार दिवसांत त्या ढिगाचा दगड झाला. डोलोरेसच्या हृदयाच्या गोळ्या टपालाने यायच्या. त्या घेऊन योलांडा टपालवाली ढिगावर चढली आणि माझ्या डोळ्यांदेखत घसरली. हाड मोडल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला. बाप रे! मी दोन पावलांवर होतो, आणि लटकत होतो.

रुग्णवाहिका आली, पण स्ट्रेचर पुढे येईना. लेनीने मला ओढून काढलं. आम्ही वेड्यासारखा बर्फ फोडला. वाट मोकळी झाली तेव्हा त्याने घड्याळ पाहिलं आणि तो पांढराफटक पडला.

"बारा मिनिटं," तो पुटपुटला. "फक्त बारा मिनिटांचं काम होतं?"

स्ट्रेचरवरून योलांडाने पाकीट पुढे केलं. "डोलोरेसच्या गोळ्या. भिजू दिल्या नाहीत हं."

लेनीला मान वर करवली नाही.

योलांडा आता काठी घेऊन चालते. आमच्या गल्लीतलं टपाल दुसराच कुणी वाटतो. लेनी कोपऱ्यापर्यंतचा फुटपाथ साफ करतो, पण तो आवाज माझ्या कानांतून जात नाही.

मित्रांनो, आपल्या दारासमोरून जाणारा माणूस आपल्या भरवशावर पाऊल टाकतो. आम्हा फावड्यांना वेळेवर हातात घ्या. खिळ्यावरून आमचं आम्हाला उतरता येत नाही.