शिळी लेबलं

त्या दोन जावांमध्ये विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं, आणि मधे एक भिंत होती. भिंतीच्या अलीकडे लेझर प्रिंटर, तिथे धाकटीचं राज्य. पलीकडे कागदाची कोठी, तिथे थोरलीचं. दुकान सासऱ्यांचं. पत्रं, पाकिटं, पत्त्यांची लेबलं छापून द्यायचं. जावा एकमेकींशी थेट बोलत नसत. बोलायचं ते थोरलीच्या नवऱ्याला मधे घालून, आणि तो नसला तर भिंतीला.

"मशीनला कागद हवाय म्हणावं."

"देते म्हणावं. मशीनला पाय नाहीत, मशीनवालीला आहेत ना?"

थोरलीचा नवरा टेबलापाशी गठ्ठे बांधत बसलेला असे. तो दोन्हीकडे मान डोलवी आणि सुतळी आवळी. त्याचं आयुष्यच तसं आवळलेलं होतं.

कोठी थोरलीला सासूबाईंकडून मिळाली होती. तेव्हा मशीन हे नव्हतं, खिळे जुळवून छपाई चाले आणि सगळ्या घराला शाईचा वास येई. सासूबाई कागदाचा गठ्ठा घेताना त्याला गाल लावून बघत, लेकराचा ताप बघावा तसा. जरा सर्द लागला की माल परत. त्यांनी लावून दिलेली शिस्त थोरलीने मोडली नाही. रिमं आडवी, वेष्टणात, भिंतीपासून हातभर लांब. पाकिटं त्यांच्याच खोक्यात, वर काही न दडपता, नाहीतर कडा दबतात आणि चिकटतात. स्वयंपाकघरात मामंजींची चव, कपाटात नवऱ्याची शिस्त, अंगणात शेजाऱ्यांचे डोळे. सगळ्या घरादारात विचारल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही अशी थोरलीची जागा एकच, ती कोठी.

आणि तीच आता पणाला लागली होती. मामंजींनी एक दिवस जेवता जेवता सांगितलं, "एका दुकानात दोन राज्यं नकोत. दवाखान्याचं हे काम कोण नीट पार पाडतं ते बघून कोठीची किल्ली तुमच्यातल्या एकीकडे देईन. कागद तिनेच निवडायचा, तिनेच ठेवायचा, तिनेच छापायचा. दुसरीने गठ्ठे बांधायचे."

थोरलीचा घास हातातच राहिला. धाकटीने मात्र भात वाढून घेतला.

दवाखान्याचं काम मोठं होतं. पाकिटं आणि लेबलं, दोन्ही. व्यापारी नमुने घेऊन आला तेव्हा मामंजी मधे बसले आणि दोघी दोन बाजूंना. धाकटीने उचललं ते जाडजूड, खरखरीत, पारदर्शक खिडकीचं, पट्टी ओढून चिकटवायचं पाकीट.

"किती भारदस्त दिसतं बघा, मामंजी."

"भारदस्त दिसतं खरं," थोरली व्यापाऱ्याकडे बघत म्हणाली, "पण छापताना आत भट्टी असते हे मशीनवालीच विसरलेली दिसते. खिडकी वितळेल, पट्टी आतल्या आत चिकटेल. मग दवाखान्याने पेशंट सोडून पाकिटांवरच शस्त्रक्रिया करायची का?"

व्यापाऱ्याला हसू आलं. धाकटीला आलं नाही.

"काही माणसांना साधंच आवडतं. आपल्या तोंडाला शोभेल तेच माणूस निवडतं."

मामंजींनी पातळ, साधं, तिरक्या जोडाचं पाकीट घेतलं. थोरली जिंकली. पण लेबलांच्या वेळी धाकटीनेच बरोबर माल निवडला. लेझरच्या उष्णतेला टिकणारा, कडेला गोंद न सुटलेला. थोरलीने ताव उलटून-सुलटून पाहिला, वाकवून पाहिला. खोड सापडेना. आपल्या हरण्यापेक्षाही दुसरीचं बरोबर असणं जास्त झोंबतं, ते तिला त्या दुपारी कळलं.

आता 'शिळा' या शब्दाचं सांगायला हवं. कोठी थंड, मशीनची खोली उबदार. गारठलेला कागद तसाच मशीनला लावला तर वळतो, अडकतो. म्हणून तो आदल्या दिवशी बंद वेष्टणातच मशीनच्या खोलीत आणून ठेवायचा. सासूबाई याला कागद शिळा करणं म्हणत. "अन्न ताजं, कागद शिळा," असं त्यांचं ठरलेलं बोलणं. धाकटी घरात आली ती त्यांच्या माघारी. थोरलीने तो शब्द तिला कधी सांगितला नाही. का सांगावा? किल्लीसारखाच तोही तिला मिळालेला होता.

धाकटीचा स्वतःचा शिळा मात्र निराळा. मशीनखालच्या खणात ती अर्धवट वापरलेले लेबलांचे ताव साठवून ठेवी, निम्मी लेबलं सोलून काढलेले. तिचा नवरा दुकानात डोकावला की त्याला दटावताना तिचा आवाज भिंतीपार येई. "शिळी लेबलं टाकू नका हो, हाताने लिहायला होतात!"

छपाईच्या सकाळी टेबलावर लेबलांचे दोन गठ्ठे होते. एक थोरलीने आदल्या दिवशी आणून ठेवलेला, दुसरा तिच्या नवऱ्याने त्याच सकाळी कोठीतून काढलेला. तो पाकिटांचं खोकं आणायला आत गेला होता. धाकटीने भिंतीला विचारलं,

"चाचणीला आधी कोणती लावायची म्हणे?"

थोरली दारातच उभी होती. "शिळी लाव म्हणावं. ताज्यांना हात लावायचा नाही."

धाकटी क्षणभर घुटमळली. मग खाली वाकली आणि तिने खण ओढला.

थोरलीला दिसलं. तिला त्याच क्षणी उमगलंही, काय झालंय ते. "ती नव्हेत" एवढं म्हटलं की संपलं. पण ते भिंतीला म्हणून चालणार नव्हतं, समोरासमोर म्हणावं लागलं असतं. शिवाय किल्ली. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली.

मशीनने पहिला ताव गिळला, दुसरा गिळला. मग आत काहीतरी कचकचलं आणि जळक्या गोंदाचा वास खोलीभर पसरला. कड सुटलेलं लेबल तापल्या रुळाला गुंडाळून बसलं होतं. धाकटीने ओढून काढायला पाहिलं, तर ते फाटून आणखी आत गेलं. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं आणि नुसतीच मान हलवली. रूळ गेला होता. दवाखान्याने वाट पाहिली नाही, काम दुसरीकडे नेलं.

मामंजींनी दोघींना समोर उभं केलं.

"मी शिळी लाव म्हटलं होतं," थोरली म्हणाली. "सासूबाईंच्या वेळेपासून या दुकानात शिळा म्हणजे काय, ते तुम्हालाही ठाऊक आहे."

"शिळं म्हणजे उरलेलं!" धाकटी कडाडली. "जगात कुठल्याही घरात विचारा. मला काय सासूबाई स्वप्नात येऊन शिकवणार होत्या? आणि मामंजी, मी खण उघडला तेव्हा या दारात उभ्या होत्या. बघत होत्या. चोराच्या उलट्या बोंबा!"

मामंजी थोरलीकडे वळले. मग त्यांनी एवढंच विचारलं, "तू बघितलंस?"

खोटं बोलता आलं असतं. नवरा मान खाली घालून सुतळीशी चाळा करत होता, त्याने काही पाहिलं नव्हतं. पण सासूबाईंच्या कोठीसाठी सासूबाईंच्या नवऱ्यासमोर खोटं बोलणं तिच्या जिभेला जमेना.

"बघितलं."

"शब्द चुकला तर माणूस शिकतो," मामंजी म्हणाले. "बघून गप्प बसणाऱ्याच्या हाती मी कोठी कशी ठेवू?"

थोरलीने किल्ली जावेच्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली. धाकटीने ती उचलली, आणि वर म्हणाली, "बसा आता, जाऊबाई. सुतळी भरपूर आहे."

थोरली नवऱ्याशेजारी बसली. पलीकडे कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग रिमं ओढल्याचा. एक धपकन खाली आलं. मग दुसरं. मांडणीवरून थेट फरशीवर. फरशीची ओल वेष्टणातूनही चढते, खालची रिमं आठवड्यात लाटांसारखी होतात. धाकटीला ते ठाऊक नसेल. किंवा असेलही.

"फरशीवर नको ठेवूस!" थोरली ओरडली. नवऱ्याला नाही, भिंतीला नाही. "ऐकतेस का गं? फरशीवर नको!"

नवऱ्याच्या हातातली सुतळी थांबली. पलीकडचा आवाजही थांबला.

मग तिसरं रीम धपकन पडलं.