पाठीवरचा तीळ

"किती खोल म्हणालात?" ओळंब्यानं पुन्हा विचारलं.

"शून्य पॉइंट सहा. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरासं जास्त," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयानं त्या त्याच्या मुलीएवढ्याच असतील. रिपोर्टचा कागद त्यांनी दोघांना दिसेल असा टेबलावर फिरवून ठेवला होता.

ओळंब्यानं अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणली, मधल्या फटीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"म्हणजे रंगाचे दोन हात," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. शेजारी बसलेल्या लेकीनं खुलासा केला, "बाबा रस्त्यावर पट्टे मारतात."

अट्ठावीस वर्षं तो तेच करत आला होता. पायी चालणाऱ्यांसाठीचे पट्टे, वळणाचे बाण, शाळेपुढचं 'हळू'. त्याची रेघ इतकी सरळ यायची की सोबतच्यांनी त्याचं नाव ओळंबा पाडलं आणि पुढं हजेरी घेणारा साहेबही तेच नाव पुकारू लागला. उन्हात काम, अंगात बिनबाह्यांची बनियन, उकाडा फार झाला की तीही काढून ठेवायची. पाठीकडे त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं. पाठ म्हणजे वाकायची वस्तू, एवढंच त्याला ठाऊक.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावलं. कातडीला रंग देणाऱ्या काही पेशी असतात. त्यांतल्या काही बिघडल्या, ताळ्यावर राहिल्या नाहीत. गेल्या आठवड्यात तीळ काढून तपासायला पाठवला होता, त्यात ते दिसलं. याला मेलानोमा म्हणतात.

"पण कॅन्सरच ना?" लेकीनं विचारलं.

"हो, कॅन्सरच. ते मी लपवणार नाही. पण पहिल्याच टप्प्यातला. जितका वरवर, तितका बरा. यांचा अगदी वरवर आहे. तीळ होता त्या जागेच्या भोवतालची सेंटिमीटरभर कातडी आणखी काढू, म्हणजे काही उरलं असलं तर तेही जाईल. औषधं, सुया, केस गळणं, यातलं काही नाही लागणार असं आज तरी दिसतंय. असं लवकर सापडणं सगळ्यांच्या नशिबी नसतं, काका."

लेकीनं ओढणीनं डोळे टिपले. ओळंबा मात्र खाली बघत राहिला. आनंद व्हायला हवा हे त्याला कळत होतं.

"पहिल्यांदा कधी लक्षात आलं?" डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं.

"महिना झाला. सदऱ्याला आतून रक्ताचा ठिपका दिसला. धुताना." जरा थांबून तो म्हणाला, "आता मीच धुतो."

"त्याआधी काही? रंग बदलला, आकार वाढला?"

"नाही."

हे खोटं होतं. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्यावर लेक ऑपरेशनच्या तारखेचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवत होती, तेव्हा तो एकदम म्हणाला, "तुझ्या आईला दिसला होता."

लेकीचे हात थांबले.

बायकोला जाऊन सात महिने झाले होते. पोटाचं दुखणं. कळलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली होती. शेवटचे तीन महिने ती अंथरुणावर होती. त्यातल्याच एका सकाळी तो पलंगाशी पाठमोरा उभा राहून कामाचा सदरा चढवत होता, तेव्हा तिनं हाक मारली होती.

"अहो, थांबा. इकडे या. तो तीळ असा का दिसतोय?"

"कसा?"

"कडेला पसरल्यासारखा. पूर्वी गोल होता."

"रंग उडाला असेल."

"रंग मला ओळखू येतो हो. इतकी वर्षं रॉकेलचा बोळा घेऊन तुमची पाठ कुणी पुसली? दाखवून या एकदा."

"आधी तुझं होऊ दे. मग माझं बघू."

तिनं बोटानं त्या जागेवर हलकेच दाबून पाहिलं होतं. बोट नुसतं हाडाचं झालं होतं. त्यानंतर पंधरा दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं, "गेलात का?" तो "हो" म्हणाला होता. "काय म्हणाले?" "काही नाही म्हणाले." ती निश्चिंत झाली होती, आणि डोळे मिटून पडून राहिली होती.

हे सगळं त्यानं लेकीला सांगितलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांकडे बघत, कोरड्या आवाजात.

"खोटं सांगितलंत तिला?" लेक म्हणाली.

"हो."

"बाबा..."

"ते नाही गं मला लागत. मी तिला आयुष्यात काही पहिल्यांदा खोटं नव्हतो बोललो." त्यानं तळहात गुडघ्यांवर घासले. "तिला पडल्या पडल्या माझा तीळ दिसला. आणि तिचं दुखणं... मी रोज तिच्या हातचं जेवत होतो. ती बसता-उठता पोटाला हात लावायची. मी बघत होतो की. पण विचारलं नाही कधी. दोन हात रंगाएवढं माझं तिनं धरलं, आणि तिचं एवढं मोठं मला दिसलं नाही."

एक बाई व्हीलचेअर ढकलत गेली. चाक कुरकुरत होतं.

"मला म्हणाली होती ती," लेक शेवटी म्हणाली. "फोनवर. पोटात दुखतंय म्हणून. मी म्हटलं गॅस झाला असेल, ओवा खा. माझी मिटिंग होती. मी फोन ठेवला."

त्यानं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सात महिने दोघं एकमेकांना धीर देत होती, आणि दोघांच्याही पोटात हे होतं. मग त्यानं तिच्या मांडीवरची पर्स उचलून आपल्याकडे घेतली आणि म्हणाला, "चल. तुला उशीर होतोय."

ऑपरेशन पाऊण तासात झालं. जागा बधिर केली होती. पालथं पडून तो कात्रीचा आवाज ऐकत होता. दुसऱ्याच्या अंगावर काम चाललंय असं त्याला वाटलं. आठ टाके पडले. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला, कडा स्वच्छ आहेत. पट्टे मारताना दोरी धरणारा त्याचा जुना जोडीदार भेटायला आला, पाठ बघून म्हणाला, "ओळंब्या, ही रेघ काही तू मारलेली नाहीस. वाकडी आहे." दोघंही हसले, आणि हसता हसता जोडीदारानं नाक पुसलं. साहेबानं कामावर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद कडांची टोपी सक्तीची केली. ओळंब्यानं कुरकुर न करता दोन्ही घातली.

टाके काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी एक कागद दिला. त्यावर माणसाची पुढून आणि मागून अशी दोन रेखाचित्रं होती. "दर तीन महिन्यांनी मी बघेनच," त्या म्हणाल्या, "पण मधल्या काळात, महिन्यातून एकदा, घरी कुणीतरी पाठ नीट बघायची. असतील तेवढे तीळ यावर मांडून ठेवा. नवा दिसला, किंवा जुना बदलला, की लगेच यायचं. घरी आहे ना कुणी?"

"आहे," लेक म्हणाली. ती दोन गल्ल्या पलीकडे राहत होती.

रविवारी सकाळी ती आली. खिडकीचा पडदा तिनं पूर्ण सरकवला, स्टूल उजेडात ठेवलं. ओळंबा उघड्या अंगानं स्टुलावर बसला. तो अवघडला होता. लेकीपुढं असं कधी बसला नव्हता. तीही अवघडली होती, म्हणून जरुरीपेक्षा जास्त बोलत होती.

"हलू नका. वरून सुरू करते. मानेखाली एक. लहान. गोल. डाव्या खांद्यावर दोन, जवळजवळ. बाबा, केवढी हाडं वर आलीत तुमची! जेवता की नाही?"

"जेवतो गं."

"मध्ये एक. हा चपटा." तिनं फोननं फोटो काढला, मग कागदावरच्या पाठीवर ठिपका दिला. पाच झाले, सात झाले. उजव्या बरगडीपाशी ती थांबली. बोटाचं टोक तिथं टेकलेलं त्याला जाणवलं.

"बाबा, हा आधीपासून होता का?"

"कुठला?"

"इथं. बरगडीच्या वर. तपकिरी."

त्यानं मान वळवून पाहिलं. तिथंवर नजर पोचत नव्हती. लेक वाट बघत होती. याचं उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस या घरात होतं, आणि ते आता नव्हतं.

खिडकीतून ऊन आत आलं होतं. त्याच्या पाठीवर ते कोमट लागत होतं.

"मला ठाऊक नाही गं," तो म्हणाला.

लेकीनं कागदावर बरगडीपाशी ठिपका दिला. त्याच्या शेजारी एक लहानसं प्रश्नचिन्ह काढलं आणि तारीख घातली.

"डॉक्टरांना दाखवू उद्या," ती म्हणाली. "घाला आता सदरा."

"राहू दे," ओळंबा म्हणाला. त्यानं पाठ आणखी थोडी ताठ केली. "अजून एकदा बघ. सावकाश बघ."